पाठ्यपुस्तक निवडणाऱ्या अडॉप्शन कमिटीत बसण्याआधी

शाळेत असताना हे पुस्तक कोणी निवडलं असा प्रश्न मला कधी पडलाच नाही. जूनमध्ये बालभारतीचं पुस्तक यायचं, त्याला ब्राऊन पेपरचं कव्हर घालायचं, वर नावाचं लेबल चिकटवायचं, संपलं. 1967 साली पुण्यात सुरू झालेली एक संस्था आणि राज्यभर तेच पुस्तक. त्यामुळे कॅलिफोर्नियात मिडल स्कूलला गणित शिकवायला लागल्यावर शेजारच्या गावात शिकवणाऱ्या मैत्रिणीकडे भलतंच पुस्तक दिसलं, तेव्हा मला वाटलं, हिच्याकडे जुनी आवृत्ती असेल.

अमेरिकेत केंद्र सरकारला अभ्यासक्रम लादायला कायद्यानेच मनाई आहे. देशात सुमारे 13,000 स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था, आहेत आणि वर्गात काय वापरायचं याचा बराचसा निर्णय तिथे होतो. राज्य ठरवतं ती स्टँडर्ड्स, म्हणजे सहावीच्या अखेरीस मुलाला गुणोत्तर कुठवर जमलं पाहिजे, एवढंच. ते ऑक्टोबरात शिकवायचं की फेब्रुवारीत, कोणत्या पुस्तकातून, किती दिवस, याबद्दल स्टँडर्ड्स गप्प असतात.

कॅलिफोर्नियात पहिली ते आठवीच्या पुस्तकांची यादी राज्याच्या शिक्षण मंडळाने करावी असं राज्याच्या स्वतःच्या घटनेतच लिहिलंय. बालवाडीही त्या यादीत असते. हायस्कूलची पुस्तकं मात्र सर्वस्वी डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक बोर्डाच्या हातात. 2012 च्या कायद्याने यादीबाहेरचं पुस्तक घ्यायचीही डिस्ट्रिक्टला मोकळीक दिली. ते स्टँडर्ड्सना धरून असलं पाहिजे आणि तपासणाऱ्यांत वर्गावर शिकवणारे शिक्षक बहुसंख्य असले पाहिजेत, एवढ्या अटींवर. आमच्यासारख्यांना अडॉप्शन कमिटीचं, म्हणजे डिस्ट्रिक्टसाठी पुस्तक निवडणाऱ्या समितीचं, बोलावणं येतं ते अशा तरतुदींमुळे.

आता माझी चूक सांगते. पहिल्या दोन सभांत टेबलावर एकही पुस्तक नव्हतं. प्रोजेक्टरवर एक तक्ता होता. कोणत्या निकषाला किती गुण, यावर लोक तास तास बोलत होते आणि मी मागे बसून टेस्ट पेपर तपासत होते. म्हटलं, पुस्तकं येऊ देत, मग बोलू. पुस्तकं आली. त्यातलं एक मला फार आवडलं: पानोपानी उदाहरणं, सोपं ते अवघड अशी चढती रांग, अगदी आपल्या सराव संचासारखं. गुण द्यायला रुब्रिक, म्हणजे तोच निकषांचा तक्ता, हातात घेतलं तर सरावाला त्यात एकच ओळ. इंग्रजी शिकत असलेल्या मुलांसाठी किती आधार आहे याला चार ओळी, शिक्षकांच्या आवृत्तीला तीन. माझं लाडकं पुस्तक तिथेच बाद झालं आणि मला भांडायलाही जागा नव्हती. कमिटीत गेलात तर त्या कंटाळवाण्या पहिल्या सभेला पेपर घरी ठेवून जा. सरावाला वजन हवं, गृहपाठ कागदावर हवा, जे काय वाटतं ते तेव्हाच बोला.

त्या चार ओळी का होत्या हे मला पायलटमध्ये कळलं. दोन प्रकाशकांचे पाठ आळीपाळीने प्रत्यक्ष वर्गात शिकवून पाहायचे, याला पायलट म्हणतात. दशांश अपूर्णांकांच्या एका पाठात बेसबॉलची बॅटिंग ॲव्हरेज होती, .300 वगैरे, म्हणजे दहा प्रयत्नांत तीन यशस्वी फटके. नुकताच ग्वाटेमालाहून आलेला एक मुलगा कोरा कागद घेऊन बसला होता. मी समजले, याला दशांश जमत नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच गणित संत्र्यांच्या भावावर दिलं, त्याने दोन मिनिटांत सोडवलं. खरं सांगायचं तर आदल्या रात्री मीही अडले होते. आपल्याकडे सरासरी 0.3 असलेल्याला अकराव्या नंबरवरही कोणी पाठवणार नाही, आणि इथे .300 वाला म्हणजे भारी फलंदाज! शक्य असेल तर दोन्ही पुस्तकांतून एकच घटक शिकवून पाहा. आम्ही एका पुस्तकातून गुणोत्तर आणि दुसऱ्यातून भूमिती केली, मग तुलना कशाची करायची?

एडरिपोर्ट्स नावाची ना-नफा संस्था पुस्तकांची परीक्षणं प्रसिद्ध करते, हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांत. कमिटीतले अर्धे लोक रंग पाहून थांबतात. रंगाखालची टिपणं वाचा, त्यात कुठल्या धड्यात काय कमी पडलं ते असतं. प्रकाशकांचे प्रतिनिधी गोड बोलतात. त्यांच्याकडून नमुना प्रती घ्यायला हरकत नाही, पण निवडीवर प्रभाव पडेल अशी भेटवस्तू देणं-घेणं कायद्याने बंद आहे. आणि किंमत विचारताना दोन प्रश्न नीट विचारा: मुलं ज्यात लिहितात त्या वर्कबुक दरवर्षी नव्या घ्याव्या लागणार का, आणि ऑनलाइन लायसन्स किती वर्षांचं?

पालकांसाठी थोडं. 2005-06 मध्ये आणि पुन्हा 2016-17 मध्ये सहावीच्या इतिहासात हिंदू धर्म कसा मांडलाय यावरून राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, झालेल्या सुनावण्यांना भारतीय पालक मोठ्या संख्येने गेले होते. ती राज्य पातळीवरची लढाई. आमच्या कमिटीत पालकांसाठी दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक वर्षभर रिकामी राहिली. बोर्डाच्या नियमित सभेची विषयपत्रिका ब्राउन ॲक्ट या खुल्या सभांच्या कायद्यानुसार किमान 72 तास आधी लागते आणि सभेत कोणालाही बोलता येतं. पण बोर्डापुढे विषय येतो तेव्हा शिफारस झालेली असते. बोलायचंच असेल तर पायलट चालू असताना शिक्षकांना भेटा.

बोर्डाने मंजुरी दिली की काम संपलं असं मला वाटलं होतं. मग उन्हाळ्यात पेसिंग गाइडसाठी, म्हणजे कोणता पाठ कधी आणि किती दिवस याचं वेळापत्रक करायला, बोलावलं. पुस्तकात धरलेत त्याहून आमच्याकडे शिकवायचे दिवस कमी, मग काय गाळायचं? आम्ही चार शिक्षक तीन दिवस एका खोलीत बसून पाठांवर पिवळ्या चिठ्ठ्या लावत होतो. ज्या पुस्तकावर वर्षभर वाद घातला त्यातला संभाव्यतेचा जवळजवळ निम्मा भाग तिथे गेला, आणि ते विचारायला ना बोर्ड आलं ना पालक. मला विचाराल तर अभ्यासक्रम खरा त्या खोलीत ठरला. त्या कामाचे तासाप्रमाणे पैसे मिळतात, नवीन असाल तर नाव जरूर द्या.

ऑगस्टमध्ये खोकी आली तेव्हा माझ्या वर्गात 11 वर्कबुक कमी होत्या. विद्यार्थ्यांनी राज्याविरुद्ध केलेल्या विल्यम्स खटल्यातल्या 2004 च्या तडजोडीपासून इथे प्रत्येक मुलाकडे वर्गात आणि घरी वापरायला पुस्तक असलंच पाहिजे, आणि शाळा सुरू झाल्यापासून आठव्या आठवड्याच्या आत बोर्डाला त्यावर जाहीर सुनावणी घ्यावी लागते. मी डिस्ट्रिक्टला वर्कबुकसाठी ईमेल केली आणि तीत त्या सुनावणीची तारीख लिहिली. खोकं तिसऱ्या दिवशी आलं. सुनावणीला मी मुद्दाम गेले. अध्यक्षांनी विचारलं, कोणाला बोलायचंय का? मागच्या रांगेत मी आणि रखवालदार. विषय दोन मिनिटांत मंजूर झाला.