परदेशात शिकवायला जाताय? पीसीसी शेवटी काढा

परदेशी शाळेत स्वयंसेवक म्हणून जाणारी मुलं उत्साहात पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (पीसीसी, म्हणजे तुमच्यावर गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला) आधी काढतात. पदवीचे सोपस्कार रेंगाळतात, तोवर ते जुनं होतं. सहा महिन्यांपूर्वीचं पीसीसी अनेक ठिकाणी चालत नाही. म्हणून क्रम उलटा करा.

१. आधी पदवी प्रमाणपत्र: राज्याकडून पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा, अपॉस्टिल करारातल्या देशांत चालणारा शिक्का). तुम्ही जाताय तो देश या करारात नसेल, तर अपॉस्टिलऐवजी मंत्रालयाचं साधं साक्षांकन आणि त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो. खरा वेळ इथंच जातो.

२. रुजू होण्याची तारीख ठरली की पासपोर्ट सेवा पोर्टलवर पीसीसीचा अर्ज. फी ५०० रुपये, एजंट कशाला?

एक मात्र सांभाळा: संस्था ‘चालतं हो’ म्हणाली तरी टुरिस्ट व्हिसावर वर्गात उभं राहू नका. थायलंडमध्ये तर बिनपगारी शिकवायलाही वर्क परमिट लागतं.