नोकरी सोडली, दातांचा विमा टिकवला

न्यू जर्सीतली नोकरी मार्चअखेर सोडली आणि त्याच दिवशी कंपनीचा विमा संपला. बायकोच्या दाढेचं रूट कॅनल झालेलं, वर तात्पुरती कॅप. कायमची एप्रिलमध्ये बसायची होती. दवाखान्याच्या काउंटरवर कळलं, पॉलिसी बंद आहे. ती गाल धरून माझ्याकडे बघत राहिली.

नोकरी सुटल्यावरही कंपनीचा विमा स्वतः पैसे भरून काही काळ चालू ठेवू देणारा अमेरिकेतला कायदा म्हणजे कोब्रा. त्याचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं होतं. एचआरच्या मागे लागून ते पुन्हा मागवलं. निवड कळवायला ६० दिवस मिळतात, त्यानंतर पहिला हप्ता भरायला ४५. आणि मुख्य म्हणजे विमा तुटल्या दिवसापासूनच पुन्हा लागू होतो. हे वाचून जीव भांड्यात पडला.

हप्ता मात्र जड. कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर २ टक्के. पण घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र निवड करता येते आणि आमची दातांची योजना वेगळी होती, म्हणून ती फक्त बायकोसाठी ठेवली. आरोग्य विमा राज्याच्या मार्केटप्लेसवरून, म्हणजे सरकारी विमा-खरेदीच्या संकेतस्थळावरून घेतला. फॉर्म सर्टिफाइड मेलने पाठवला, पावती अजून फाइलीत आहे.

नवव्या दिवशी पॉलिसी चालू दिसली. कॅप बसली, आणि त्या रविवारी तिने दोन्ही बाजूंनी भाकरी चावून खाल्ली.