ब्रॉयलरचा एफसीआर: खाद्य बदलण्यापूर्वी फीडर तपासा

एफसीआर, म्हणजे एक किलो जिवंत वजनामागे लागलेले खाद्य, वाढला की बहुतेक पोल्ट्रीधारक आधी खाद्याला दोष देतात. तो दोष कधी खराही असतो, परंतु त्याआधी हिशेब मांडावा. बॅचला लागलेल्या एकूण खाद्याला विकलेल्या पक्ष्यांच्या एकूण जिवंत वजनाने भागावे. समजा, १००० पिलांपैकी ९६० पक्षी सरासरी २.१ किलोने गेले, म्हणजे वजन २०१६ किलो भरले आणि खाद्य ३३०० किलो लागले, तर एफसीआर १.६४ येतो. मेलेल्या पक्ष्यांनी खाल्लेले खाद्यही यातच धरले जाते, म्हणून पाचव्या आठवड्यातील मरतूक पहिल्या आठवड्यातील मरतुकीपेक्षा कितीतरी महाग पडते.

याच बॅचमध्ये पक्ष्यामागे रोज ५ ग्रॅम खाद्य सांडले, तर दहा दिवसांत ५० किलोचे एक पोते जमिनीवर अंथरलेल्या तुसात जाते आणि एफसीआर सुमारे ०.०२५ ने चढतो. सकाळी फीडरखालचे तूस मुठीत घेऊन पाहावे. त्यात खाद्याचे दाणे दिसले, तर फीडर फार खाली लटकतो आहे किंवा काठोकाठ भरला जातो आहे, असे समजावे. फीडरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला असावी, ताट एक तृतीयांशाहून अधिक भरू नये आणि पक्षी वाढतील तशी दोरी दर तीन-चार दिवसांनी वर ओढावी. काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते राहून जाते.

पहिल्या आठवड्यात पिलांना ऊब देणाऱ्या ब्रूडरखाली ३२ ते ३४ अंश तापमान ठेवावे, कारण गारठलेले पिलू खाल्लेले खाद्य वाढीऐवजी अंग गरम ठेवण्यात खर्ची घालते. पिले सोडल्यावर २४ तासांनी काहींची अन्नपिशवी बोटांनी चाचपावी. ती भरलेली पण मऊ लागली पाहिजे. कडक लागली, तर पिलांनी खाद्य खाल्ले आहे, पण पाणी पुरेसे प्यायलेले नाही.

पक्षी खाद्याच्या जवळपास दुप्पट पाणी पितो आणि पाणी तुटले की खाणेही थांबवतो. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत टाकी सावलीत ठेवावी, दुपारी फीडर वर उचलावेत आणि पहाटे व संध्याकाळी खाद्य द्यावे.

विक्रीयोग्य वजन झाल्यावर दर वाढण्याची वाट पाहायची असेल, तर त्या दिवसांचे खाद्य वेगळे मोजून त्याचा खर्च वाढीव वजनाच्या किमतीशी रोज ताडून पाहावा, कारण वय वाढते तसे प्रत्येक जादा किलोला अधिक खाद्य लागते.