लॅटिन हेक्सामीटरमध्ये अक्षरं उरत असतील तर

हेक्सामीटर म्हणजे सहा गणांचं वृत्त. रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्याची तिसरी ओळ, 'लीतोर, मुल्तुम् इल्ले एत् तेर्रीस् यक्तातुस् एत् अल्तो', सहा गणांत बसेना. दोन अक्षरं उरायची. डावीकडून गण पाडून पाहिले, मोठ्याने म्हणून पाहिलं, नुसता वैताग.

जमलं ते असं. आधी संधी: शब्दाअंती स्वर किंवा स्वर आणि म्, पुढे स्वर किंवा ह, की मागचा स्वर म् सकट गळतो. 'मुल्तिल्लेत्' झालं, सोळाची चौदा अक्षरं. मग शेवटची पाच, म्हणजे शेवटचे दोन गण, बाजूला काढा: बहुतेक ओळींत ती गुरू-लघु-लघु-गुरू, आणि शेवटचं कसंही. उरली नऊ, गण चार; प्रत्येक गण गुरू-गुरू किंवा गुरू-लघु-लघु. आठ असती तर सगळे गुरू-गुरू. एक जास्त, म्हणजे एकच गण गुरू-लघु-लघु. या नवांत 'मुल्'पासून पुढे प्रत्येक स्वरानंतर दोन व्यंजनं, म्हणून सगळे गुरू (दुसरं व्यंजन पुढच्या शब्दातलं असलं तरी चालतं). राहिला 'लीतोर'. देवनागरीत 'तो' दीर्घ दिसतो, पण हा ओ ऱ्हस्व, म्हणून तोच गुरू-लघु-लघु गण.