पहाटेच्या कवितेच्या मात्रा मोजताना

एम. ए.ला असताना पहाटेवरच्या एका कवितेचं रसग्रहण मी आठ पानं लिहिलं. मुद्दा एकच : कवीने मुद्दाम वृत्तभंग केलाय, म्हणजे ओळींचं ठरलेलं मोजमाप मोडलंय, कारण झोपमोड झालेल्या माणसाचा तोल गेलेला असतो. वृत्तभंग कुठेच नव्हता. मात्रा, म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळाची मापं, मीच चुकीच्या मोजल्या होत्या. आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो, म्हणून हे लिहितेय.

चूक नेमकी दाखवते. नमुन्यापुरत्या या दोन ओळी माझ्याच :

उघड पाकळ्या, पहाट झाली
दवात भिजली वाट निघाली

लघु अक्षराची एक मात्रा, गुरुच्या दोन. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरु, हा नियम डोळे मिटून लावला की ‘पाकळ्या’तल्या ‘क’च्या दोन मात्रा होतात आणि पहिली ओळ सतरावर जाते. दुसरी मात्र सोळाच. नियम आपण अर्धाच पाठ केलेला असतो. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल, तरच ते गुरु. ‘दिव्य’ म्हणा. आता ‘दिव्याचा उजेड’ म्हणा. पहिल्या ‘दि’वर आवाज टेकतो, दुसऱ्यावरून नुसता सरकतो. म्हणून पहिला गुरु, दुसरा लघु. ‘कोवळ्या’, ‘उन्हात’, ‘तुझ्या’, ‘दुसऱ्या’ हे सगळे सरकणारेच, आणि पहाटेच्या कवितेत कोवळी उन्हं पावलोपावली असतात. ‘क’ लघु धरा : आठ अधिक आठ, सोळा मात्रा, म्हणजे सरळ पादाकुलक हे वृत्त.

आधी म्हणा, मग मोजा. गाइडमधलं तयार वृत्त तर अजिबात उतरवू नका. आणि शिकायचं तर ओळ मोठ्याने म्हणून दाखवणाऱ्याकडे शिका. नुसत्या पेन्सिलीच्या खुणांवर माझी दोन वर्षं गेली.

यमक सोपं आहे. झाली–निघाली, नोंदवा आणि पुढे जा.

पुनरुक्तीपाशी मात्र थांबा. ‘नादमाधुर्य येतं’ हे वाक्य कृपा करून लिहू नका. भूपाळीच्या वळणाची कविता कुणाला तरी उठवत असते, आणि झोपलेलं माणूस एका हाकेत उठत नाही. ‘उघड पाकळ्या’ पहिल्या कडव्यात कळीला म्हटलं असेल. तिसऱ्यात तेच शब्द निजलेल्या लेकीच्या पापण्यांना लागतात का, ते बघा. शब्द तेच राहून हाक कुणाला हे बदललं, की लिहायला खरा मुद्दा मिळतो.

सुरुवातीला एका कडव्याला अर्धा तास लागेल. लागू दे. सरावाने बोटं आपोआप आठावर थांबायला लागतात. तरी एखादी ओळ भरलीच नाही, तर वृत्तभंग लिहिण्याआधी ती तीनदा मोठ्याने म्हणा.