जुन्या आमदाराची कारकीर्द नेमकी तपासायची कशी

अमुक साहेब इतक्यांदा निवडून आले हे गावात सगळ्यांना पाठ असतं, पण तेवढ्यावरून काम काय केलं ते कळत नाही. म्हणून आधी वर्षं मांडा. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख घ्या, शेकापचे (शेतकरी कामगार पक्ष), ११ वेळा आमदार, पहिल्यांदा १९६२ ला. लोक ११ गुणिले ५ करून ५५ वर्षं म्हणून मोकळे होतात आणि तिथंच गंडतात. १९७२ ला ते पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, १९७८ ची विधानसभा १९८० मध्येच बरखास्त झाली, १९९५ ला पुन्हा पडले आणि मग १९९९ ते २०१९ सलग. बेरीज ५१ च्या आसपास येते.

निकाल निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर मिळतात, फक्त सार्वत्रिक निवडणुकीच्या रिपोर्टमध्ये पोटनिवडणूक नसते, ती वेगळी शोधावी लागते. आणि २००९ पासून मतदारसंघांची फेररचना लागू झाली, त्यामुळे नाव तेच असलं तरी गावं तीच असतील असं नाही, आधीचं आणि नंतरचं मताधिक्य सरळ शेजारी ठेवू नका. पराभव तर जरूर बघा, पडल्यावर माणूस पक्ष बदलतो की तिथंच राहतो हे मला विजयापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं (गणपतराव शेवटपर्यंत शेकापमध्येच).

मग सभागृहातलं काम. तारांकित प्रश्न (ज्यांचं मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना), अशासकीय विधेयकं (मंत्री नसलेल्या आमदारानं मांडलेली), विधिमंडळाच्या समित्या हे सगळं बघा, पण नुसते प्रश्न मोजू नका, कारण मंत्री असताना माणूस प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. गणपतराव १९७८ ला आणि १९९९ ला मंत्री झाले होते, तो काळ बाजूला काढूनच मोजायचं. त्यापेक्षा एकच विषय पकडा, सांगोल्यासाठी अर्थातच पाणी, आणि टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांवर ते कोणत्या वर्षी काय बोलले, सरकारनं काय आश्वासन दिलं, पाणी खरंच कधी आलं ते सभागृहाच्या कार्यवाहीत (कामकाजाच्या छापील नोंदीत) शोधत जा. वेळ जातो, पण खरं चित्र यातूनच दिसतं.

शेवटी संपत्ती. उमेदवारांची शपथपत्रं २००४ च्या निवडणुकीपासून मिळतात, तीन-चार निवडणुकांची समोर ठेवून जमीन आणि कर्जाचे आकडे ताडून बघा. त्याआधीचं शोधत बसू नका, तेव्हा हा नियमच नव्हता.