फायरवॉल निवडण्याआधीची तयारी

आधी कागद आणि पेन घ्या. कॉम्प्युटरच्या कामाला कागद कशाला, असं वाटेल. पण फायरवॉल म्हणजे कॉम्प्युटरच्या आत-बाहेर जाणाऱ्या नेटवरच्या वाहतुकीवरचा पहारेकरी. तिचा एखादा नियम चुकला की पहिलं बंद पडतं ते इंटरनेट, आणि मग उपाय शोधायलाही इंटरनेट हाताशी नसतं. तेव्हा कामाला येतो तो कागदच.

त्यावर वर लिहा: ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, आवृत्ती कोणती आणि तिला सुरक्षेचे अपडेट अजून मिळतात का. विंडोज एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. अपडेट थांबलेल्या सिस्टिमवर उत्तम फायरवॉल बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी घालणं. तिथे आधी छप्पर बघा. मग लिहा: कॉम्प्युटर एका जागी असतो की बॅगेतून हिंडतो, आणि तो तुम्ही एकटेच वापरता की घरातले सगळे. शेवटी, सगळ्यात महत्त्वाचं: बाहेरून आत येणारं असं काही तुम्हाला खरंच लागतं का? दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फाइल उघडणं, या कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रिंटरवर बाकीच्यांनी छापणं, दुरून स्क्रीन चालवणं, मित्रांसाठी गेमचा सर्व्हर चालवणं, अशी कामं या खात्यात येतात. वेबसाइट पाहणं, मेल, व्हिडिओ कॉल यांत सुरुवात तुमचा कॉम्प्युटर करतो, म्हणून ती इथे मोडत नाहीत. बऱ्याच जणांची ही ओळ कोरीच राहते, आणि तसं असेल तर तुमचं निम्मं काम झालं.

आता घरात आधीपासून काय आहे ते पाहा. नवी फायरवॉल शोधणाऱ्या पुष्कळांना आपल्याकडे ती आहेच, हे माहीत नसतं. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण ती मुळात बंद असायची. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा स्वतःहून पसरणारा किडा आला. कुणी काही उघडायची गरज नव्हती. कॉम्प्युटर नेटला जोडलेला आणि पोर्ट १३५ (पोर्ट म्हणजे वाहतुकीचं आकड्याने ओळखलं जाणारं दार) बाहेरून दिसणारा असला की पुरे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटपासून ती फायरवॉल मुळातच चालू येऊ लागली. विंडोज व्हिस्टापासून बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवरही नियम लावायची सोय झाली. आजही तिची मूळ रीत अशी: आत येणारं सगळं अडवायचं, परवानगी असेल तेवढंच सोडायचं, बाहेर जाणारं सगळं सोडायचं, मनाई असेल तेवढंच अडवायचं. विंडोज सिक्युरिटीत जाऊन डोमेन (ऑफिसचं नेटवर्क), प्रायव्हेट (घरचं) आणि पब्लिक (परकं) अशा तिन्ही ठिकाणी ती चालू आहे का ते पाहा आणि कागदावर टिक करा. मॅकमध्ये २००७ च्या लेपर्ड या आवृत्तीपासून ॲप्लिकेशन फायरवॉल आहे, पण ती अनेकदा बंदच सापडते, आणि ती फक्त आत येणाऱ्याकडे बघते. लिनक्सचं फायरवॉलचं यंत्र थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात असतं. आपण निवडतो तो त्याला हुकूम देणारा मुकादम. उबुंटू या लिनक्समध्ये यूएफडब्ल्यू असतो, तो हाताने सुरू करावा लागतो.

राउटरकडेही एक नजर टाका. घरातल्या कॉम्प्युटरचा नेटवरचा पत्ता (आयपी ॲड्रेस) १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर तो खाजगी पत्ता आहे आणि बाहेरच्याला थेट तुमच्यापर्यंत पोचता येत नाही. हा आडोसा आयपीव्ही४ या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत आपसूक मिळतो. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत मात्र प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो, म्हणून राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे का हे वेगळं तपासावं लागतं. तिथेच यूपीएनपी नावाची सोय दिसेल. घरातला कोणताही प्रोग्राम तुम्हाला न विचारता तिच्यामार्फत राउटरला दार उघडायला लावू शकतो. गेमसाठी लागत नसेल तर बंद करा. राउटर आहे म्हणून कॉम्प्युटरची फायरवॉल नको, असा हिशेब मात्र करू नका. बॅगेतून हिंडणारा कॉम्प्युटर राउटरला बरोबर नेत नाही, आणि घरातच एखादं उपकरण बिघडलेलं असेल तर ते राउटरच्या आतल्याच बाजूला बसलेलं असतं. परक्या वायफायला जोडताना पब्लिक निवडायचं, घरच्याला प्रायव्हेट. एवढी एक सवय एखाद्या विकतच्या सॉफ्टवेअरइतकी उपयोगी पडते.

पुढची पायरी लोक हटकून गाळतात, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते: नवं काही बसवण्याआधी आपला कॉम्प्युटर कोणकोणत्या पोर्टवर कान लावून बसलाय ते पाहून ठेवणं. विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्कच्या पानावर खाली लिसनिंग पोर्ट्सचा तक्ता आहे. त्यात प्रोग्रामचं नाव, पोर्टचा आकडा आणि शेवटी फायरवॉलने त्याला मुभा दिली आहे का, हे सगळं शेजारी शेजारी दिसतं. पत्त्याच्या रकान्यात लूपबॅक लिहिलेल्या ओळी सोडून द्या. तो कॉम्प्युटरचा स्वतःशीच चाललेला संवाद आहे. बाकीच्या ओळी कागदावर उतरवा. लिनक्सवर हेच काम एसएस ही कमांड करते, मॅकवर एलएसओएफ. १३५ आणि ४४५ दिसले म्हणून दचकू नका, ते जवळपास प्रत्येक विंडोजवर असतात. कान लावून बसणं वेगळं आणि बाहेरच्याला तिथवर येऊ देणं वेगळं. ४४५ बाहेरून पोचण्याजोगा नसावा, एवढं मात्र पक्कं बघा: २००४ चा सॅसर किडा त्याच वाटेने आला आणि मे २०१७ चा वॉनाक्रायही. वॉनाक्राय ज्या फटीतून शिरला ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता, म्हणून माझ्या यादीत अपडेट फायरवॉलच्या आधी येतात. ३३८९ दिसला तर रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून स्क्रीन चालवायची सोय चालू आहे असं समजा. वापरत नसाल तर ती सोयच बंद करा. बंद सेवेला फायरवॉल लागत नाही.

एवढं झाल्यावर स्वतःला विचारा: मला जास्तीचं नेमकं काय हवंय? आत येणाऱ्याला अडवणं तर आहे ती फायरवॉल करतेच. वेगळं सॉफ्टवेअर घ्यायचं खरं कारण एकच, बाहेर जाणाऱ्यावर लक्ष. कोणता प्रोग्राम कुणाशी बोलतो, टिपणं लिहायचं साधं ॲप रात्री कुठे डेटा पाठवतं, हे कळावं आणि थांबवता यावं. ही हौस रास्त आहे, मला स्वतःला आहे. पण तिची मर्यादाही ओळखून असा. कॉम्प्युटरवर ॲडमिनचे अधिकार मिळवलेला व्हायरस फायरवॉलचे नियम बदलू शकतो किंवा ब्राउझरच्या आडून वेबसाइटच्या नेहमीच्या पोर्ट ४४३ ने निघून जाऊ शकतो. आणि फसव्या मेलमधल्या पानावर तुम्ही स्वतःच पासवर्ड टाइप केलात, तर कोणतीही फायरवॉल मधे पडणार नाही.

यापुढचा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही, तुमच्या स्वभावाचा आहे. बाहेर जाणाऱ्यावर पहारा ठेवणारी फायरवॉल सतत विचारते: हा प्रोग्राम त्या पत्त्यावर जाऊ पाहतोय, सोडू का? पहिल्या दिवशी आपण प्रत्येक प्रश्न वाचतो. चौथ्या दिवशी बोट आपोआप ‘होय’वर जातं. मग लांडगा आला रे आला ओरडणाऱ्या पोराची गत होते. मी उलट्या बाजूने फसलो होतो. एसव्हीसीहोस्ट नावाचं काहीतरी सारखं बाहेर जायला बघत होतं, नाव संशयास्पद वाटलं, मी ठसक्यात ‘कायमचं अडवा’ दाबलं. त्यानंतर दोन संध्याकाळी राउटर बंद-चालू करण्यात आणि केबल बदलण्यात गेल्या. वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणं, राउटरकडून स्वतःचा पत्ता मागून घेणं, घड्याळ जुळवणं, अपडेट आणणं ही विंडोजची सगळी कामं याच एका नावाखाली चालतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणून कागदावर हेही लिहा: प्रश्नांना उत्तरं कोण देणार? घरातल्या लहानथोर सगळ्यांच्या स्क्रीनवर ते येणार असतील, तर विचारणारी फायरवॉल घेऊच नका.

न विचारणाऱ्याही असतात. विंडोजवर टायनीवॉल हा त्यातला. तो चौकटी उघडत नाही, तुम्ही मुभा दिलेल्यांना सोडतो, बाकीचं मुकाट अडवतो. सिम्पलवॉल विचारतो, पण आटोपशीर आहे. विंडोज फायरवॉल कंट्रोल मूळ फायरवॉललाच नीटनेटका चेहरा देतो. हे सगळे विंडोजच्या आतल्याच फिल्टरिंगच्या यंत्रणेवर काम करतात आणि हलके आहेत, म्हणून माझा कल त्यांच्याकडे. नुसतं कोण कुठे जातं ते पाहायचं असेल तर ग्लासवायरचे आलेख डोळ्यांना बरे. मॅकवर विकतचा लिटल स्निच आणि फुकट, मुक्त स्रोत असलेला लूलू. लिनक्सवर ओपनस्निच.

नाव ठरवण्याआधी त्याच्या अधिकृत साइटवर जाऊन शेवटची आवृत्ती कधी आली ते बघा. दोन-तीन वर्षं हात न लागलेलं सुरक्षेचं सॉफ्टवेअर घेऊ नये. फुकट असेल तर बनवणाऱ्याचं पोट कशावर चालतं ते गोपनीयतेच्या पानावर वाचा. तुमची सगळी वाहतूक त्याच्या डोळ्यांखालून जाणार आहे, आणि कुंपणानेच शेत खाल्लं तर तक्रार कुणाकडे करणार? विकतचं असेल तर मुदत संपल्यावर पहारा चालू राहतो की थांबतो, हे पैसे भरण्याआधी विचारा. डाउनलोड अधिकृत साइटवरूनच. शोधयंत्रात सगळ्यात वर येते ती कित्येकदा जाहिरात असते.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे इथे शब्दशः खरं आहे. एकाने सोडलेलं दुसरा अडवतो आणि दोष कुणाचा हे कळता कळत नाही. अँटिव्हायरसच्या संचात पुष्कळदा फायरवॉलही येते आणि ती विंडोजच्या फायरवॉलची जागा घेते, म्हणून सध्या कारभार कुणाच्या हातात आहे ते विंडोज सिक्युरिटीत वाचून घ्या. व्हीपीएन (तुमची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) वापरत असाल तर त्याचाही ‘किल स्विच’, म्हणजे व्हीपीएन तुटलं की नेट तोडणारी सोय, आत फायरवॉलचे नियमच लिहीत असतो, हे ध्यानात असू द्या.

बसवायच्या दिवशी घाई नको, आणि घरात कुणाची ऑनलाइन परीक्षा किंवा मीटिंग नको. आधी व्हायरससाठी पूर्ण तपासणी करा, कारण नव्या फायरवॉलला ‘शिकण्याच्या’ अवस्थेत ठेवलं की त्या काळात जे बाहेर जाईल ते तिला सज्जनच वाटतं; चोर आधीच घरात असेल तर त्यालाही ती घरचा माणूस समजते. मग रिस्टोअर पॉइंट, म्हणजे गरज पडल्यास सिस्टिम मागे न्यायची खूण, बनवा. विंडोज डिफेंडर फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत उजव्या बाजूला एक्सपोर्ट पॉलिसी आहे, तिथून आत्ताचे सगळे नियम एका फाइलमध्ये उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. ॲडमिनचा पासवर्ड आठवतोय ना, तेही पाहा. मोबाइलवर वेगळं इंटरनेट चालू असू द्या.

पहिला आठवडाभर प्रिंट काढून बघा, बॅकअप चालवा, व्हिडिओ कॉल लावा, अपडेट तपासा. महिन्यातून एकदा लागणारा प्रोग्रामही मुद्दाम उघडा, नाहीतर तो नेमका अडचणीच्या वेळी अडतो. प्रश्न आला तर प्रोग्रामच्या नावाआधी तो कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते वाचा: खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टिम३२ मध्ये असतो, डाउनलोड्समध्ये कधीच नाही. खात्री नसेल तर ‘यावेळेपुरतं’ निवडा. आणि विंडोजच्या स्वतःच्या चौकटीत ‘कॅन्सल’ दाबलं तर ती प्रश्न टाळत नाही, त्या प्रोग्रामला अडवणारा नियम लिहून टाकते. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ यामागे पुष्कळदा हेच निघतं.

तपासणीत एक फसगत होते. शील्ड्सअपसारखी बाहेरून पोर्ट तपासणारी साइट घरी बसून उघडली, की ती तुमच्या राउटरला तपासते, कॉम्प्युटरला नाही. तिथे सगळं हिरवं आलं म्हणून नव्या फायरवॉलची पाठ थोपटू नका. कॉम्प्युटर तपासायचा तर घरातल्याच दुसऱ्या मशीनवरून एनमॅप हा पोर्ट तपासणारा प्रोग्राम चालवा, फक्त स्वतःच्या उपकरणांवर, आणि निकाल आधी उतरवलेल्या तक्त्याशी ताडून बघा. पोर्ट ‘बंद’ दिसतो की ‘अदृश्य’ यावरून फार डोकं शिणवायला नको; घरच्या वापरात दोन्ही सारखेच. विंडोज फायरवॉलची नोंदवहीही (लॉग) चालू करून ठेवा. ती मुळात बंद असते आणि तिची मर्यादा ४०९६ केबी असते, पण काय अडवलं गेलं हे तिच्याइतकं सरळ कुणी सांगत नाही.

महिन्याभराने कागद पुन्हा काढा. येणारे प्रश्न न वाचताच तुम्ही ‘होय’ म्हणताय असं लक्षात आलं, तर ते सॉफ्टवेअर काढून टाका आणि मूळच्या फायरवॉलवर परत या. यात कमीपणा काही नाही. काढताना त्याच कंपनीचं अनइन्स्टॉल वापरा, कॉम्प्युटर रिस्टार्ट करा, पेन ड्राइव्हवरचे नियम इम्पोर्ट करा आणि डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक तिन्ही ठिकाणी विंडोजची फायरवॉल पुन्हा चालू झाली का ते डोळ्यांनी बघा. कधी कधी ती बंदच राहिलेली असते.